तीस दिवसांचा शिक्का

१८ मार्च १९८५, सोमवार

पोचले. मुंबईहून लंडन, लंडनहून त्रिनिदाद, आणि तिथून शेवटचं विमान तर आमच्या नाशिकरोडच्या यष्टीपेक्षा लहान. टोबॅगो म्हणून बेट आहे. खिडकीतून सगळंच्या सगळं एका नजरेत मावलं, हिरवंगार, कडेनं फेसाची पांढरी किनार. माझं नाव लंका, तेव्हा ही एक दिवस बेटावर जाणार हे आईबापाला आधीच ठाऊक असावं. शेजारच्या गोऱ्या बाईला मी हे हिंदीत सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण हसली. चांगली होती.

आमच्या कॉलनीतल्या विहारात विमलाबाई आम्हा बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात. ही वही त्यांचीच. म्हणाल्या, "लंकाबाई, रोज चार ओळी लिहा." चार ओळींत काय मावतंय डोंबलाचं.

कशाला आले ते आधी लिहून टाकते. माझी मैना पहिलटकरीण आहे. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. पोरीला एवढा प्रवास झेपणार नाही असं जावई म्हणाले, मग माहेरच उठून इकडं आलं. तारीख दहा एप्रिल दिली आहे. पुढं बाळंतिणीचा सव्वा महिना धरायचा.

जावई वाल्मीकराव इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत. त्यांनी पत्रात बजावलं होतं, विमानतळावर कशाला आलात विचारलं तर 'टुरिस्ट' एवढंच सांगा, बाळंतपण म्हणालात तर दहा कागद मागतील. टुरिस्टला सहज तीन महिने मिळतात.

आता झालं काय. त्रिनिदादच्या खिडकीतला साहेब आपल्यासारखाच दिसणारा, आजा-पणजा हिंदुस्थानातून गेलेला. मोडकीतोडकी हिंदी बोलला. मी तीस वर्षं देवळाली कॅम्पच्या बाजारात भाजी विकली, मिल्ट्रीवाल्यांच्या बायकांशी घासाघीस करून माझी हिंदी तयार आहे. त्यानं विचारलं, "माई, टोबॅगो देखने को कितना दिन लगेगा?" मी खरंच मनात मोजलं. एवढंसं बेट, रोज एक ठिकाण म्हटलं तरी महिना पुष्कळ. म्हटलं, "एक महिना बहुत." त्यानं धाडकन तीस दिवसांचा शिक्का मारला.

वाल्मीकरावांनी पासपोर्टावरचा शिक्का दोनदा वाचला. मैना म्हणाली, "आई, तुला खरं मोजायला कोणी सांगितलं होतं?"

"त्यानं विचारलं म्हणून सांगितलं बाई. इचारल्यावर खोटं कशाला सांगू?"

"अगं, टुरिस्ट हेच मुळात खोटं होतं!"

म्हणजे सोळा एप्रिलला निघायचं. दहाला बाळ, सोळाला मी विमानात. सहा दिवसांत कुठं बाळंतपण होतं? चूक माझी, तर निस्तरायची पण मीच. अर्धं काम टाकून ही लंका जायची नाही.

अळीव विमानतळावर काढून घेतले, बी आणायला बंदी म्हणे. डिंक, बाळंतशेपा, वावडिंग राहिलं. डिंकाकडे त्या माणसानं लय वेळ बघितलं, शेवटी वास घेऊन परत दिला.

२१ मार्च

मैना दिवसभर पडून असते. मी म्हणते, ऊठ, चार पावलं चाल, केर काढ, बाळ आपोआप खाली येतं. मला तिच्या वेळी शेवटच्या दिवशीही डोक्यावर मेथीची पाटी होती. तर म्हणते, "आई, तुझं वेगळं होतं."

काय वेगळं होतं? तुझा बाप डॉक्टर नव्हता एवढंच.

झबली शिवायला मऊ कापड आणलं होतं, तर हात लावू देत नाही. "आधी काही शिवू नको." म्हटलं झबलं नको, दुपटी तरी? "काही नको म्हटलं ना!" कपाटात साड्यांच्या खाली एक पिवळी विणलेली टोपी सापडली, मुठीएवढी. छान होती. मी म्हटलं, बघ, तूच तर आणून ठेवलीस. तिनं माझ्या हातातून काढून घेतली, होती तिथं ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. डॉक्टरची बायको झाली, आता आईचं गावठी वाटायला लागलं असेल. असू दे.

संध्याकाळी म्हणाली, "तू टुरिस्ट म्हणून आलीस ना? मग जा, बेट बघ जाऊन."

टोचून बोलली, पण बोलली ते बरोबर आहे. मी त्या साहेबाला शब्द दिलाय. बाजारात मी कधी 'ताजी आहे' सांगून शिळी जुडी दिली नाही. टुरिस्ट सांगितलं तर टुरिस्टपणा झालाच पाहिजे. उद्यापासून बाहेर पडणार.

बरोबर शेजारच्या आयरीनबाई येणार आहेत. माझ्याच वयाची, माझ्याहून हातभर उंच, शेळ्या पाळते. पहिल्या दिवशी तिच्या शेळीच्या कासेला हात लावून मी सांगितलं, हिला उद्या-परवा पिल्लं होतील. तिनं दोन बोटं दाखवली. मी तीन दाखवली. तीन झाली. तेव्हापासून आमचं जमलंय.

२३ मार्च

किल्ला बघितला. टेकडीवर आहे, चढ असा की आयरीनबाई तीनदा बसली आणि मी दोनदा. वर तोफा मांडल्यात समुद्राकडे तोंड करून. मी देवळालीची, लहानपणापासून तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकत आलेली. आमच्या फळीवरची भांडी वाजायची, रांगतं पोर दचकून रडायचं. इथल्या तोफांवर पोरं बसून पेरू खातात. मला फार बरं वाटलं. मी पण बसले. एका गोऱ्या माणसानं माझा फोटो काढला, मी पदर नीट केला तेवढ्यात.

आयरीनबाईला इंग्रजी येतं, मला बाजारातलं. 'हाऊ मच', 'फ्रेश', 'व्हेरी गुड', 'नो चीटिंग'. एवढ्यावर दिवस निघतो.

मैना उठून चहा करील वाटलं होतं. निजलेलीच.

२८ मार्च

आज जे बघितलं ते कॉलनीत सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही. होडीच्या बुडाला काच! खाली बघायचं, समुद्र आपल्या पायाखाली. निळे मासे, पिवळे मासे, एक तर आपल्या बेगडी बांगडीसारखा. दगडाची झाडं उगवलेली. पुढं समुद्राच्या ऐन मधोमध होडी थांबवली आणि म्हणे उतरा. मी म्हटलं, मला बुडवायला आणलं का? तर आयरीनबाई उतरून उभी राहिली, पाणी तिच्या कमरेएवढं! चारी बाजूंनी समुद्र आणि मधेच कमरेएवढं स्वच्छ पाणी, खाली पांढरी वाळू. मी कासोटा घट्ट केला आणि उतरले. नऊवारी फुगली भोपळ्यासारखी. आयरीनबाई हसून हसून पाण्यात बसली. मी तिला पाणी मारलं, तिनं मला मारलं. साठीच्या दोघी.

मनात आलं, मैनाचा बाप जयराम असता तर म्हणाला असता, "लंके, वर ये, भाजी वाळती हाय."

घरी सांगायला धावत आले. मैनानं ऐकलं, बरं म्हणाली. वाल्मीकराव मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई, तुम्ही रोज जात जा फिरायला. तिला जरा शांत राहू द्या." दोघंही मला फिरवायला किती झटतात. गुणाचा जावई आहे.

३ एप्रिल

आयरीनबाईनं पातेलं भरून आणलं. झाकण काढते तर अळूचं फदफदं! नारळाचं दूध, भेंडी, आणि मधे एक अख्खा खेकडा पाय पसरून बसलेला. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ नाही, तरी वास ओळखीचा. मी तिला मिठीच मारली. एवढ्या लांब येऊन अळू भेटलं, आणखी काय पाहिजे.

ती मैनाकडे बघून काहीतरी बोलली. मला 'लास्ट इयर' एवढंच कळलं, म्हणजे गेल्या वर्षी. आणि 'हॉस्पिटल'. मी मैनाला विचारलं, काय म्हणती? म्हणाली, "काही नाही, गेल्या वर्षी पण करून आणलं होतं म्हणते." आयरीनबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मैनानं फिरवू दिला. मी फिरवायला गेले की डोकं काढून घेते.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. खेकडा मात्र दोन वेळा घेतला.

तेरा दिवस राहिले.

९ एप्रिल, मंगळवार

आज शेळ्यांची शर्यत! ईस्टर नावाचा सण असतो, त्याच्या मंगळवारी. घोडे नाहीत, शेळ्याच. प्रत्येक बोकडाच्या गळ्यात दोरी आणि मागं एक माणूस, अनवाणी, पांढरी चड्डी, रंगीत बंडी, जिवाच्या आकांतानं पळतो. बोकड माणसाला पळवतो का माणूस बोकडाला, ते काही कळत नाही. आयरीनबाईच्या पुतण्याचा बोकड होता. मी आधीच त्याच्या मांड्या चाचपून सांगितलं, हा निम्म्यात थांबणार, याला पाला जास्त झालाय. निम्म्यात थांबला. थांबला तो थांबला, उलटा फिरून बघणाऱ्यांत शिरला आणि एका बाईची टोपी खायला लागला.

घरी येऊन मी मैनाला करून दाखवलं. आधी बोकड झाले, मग मागचा माणूस झाले, मग टोपीवाली बाई. खाटेच्या भोवती तीन फेऱ्या मारल्या. मैना हसली. इथं आल्यापासून पहिल्यांदा हसली, अगदी पोटाला हात लावून. हसता हसता तसंच रडायला लागली. मला वाटलं कळा सुरू झाल्या.

कळा नव्हत्या. म्हणाली, "आई, हे दुसरं आहे."

"काय दुसरं?"

"बाळ. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात एक गेलं. मुलगा होता."

टोपी त्याची होती.

मी खाली बसले. म्हटलं, "मला कळवलं का नाय गं? मी काय मेले होते?"

ती म्हणाली, "कसं कळवू? तेव्हा तुला वाचता कुठं येत होतं? माझी पत्रं शेजारचा भिका ओट्यावर बसून वाचायचा आणि निम्मी आळी ऐकायची. तूच लिहवून पाठवलं होतंस, मैनाच्या पत्राला आज पंधरा जणी आल्या होत्या म्हणून. त्या पंधराजणींसमोर माझं बाळ गेलेलं वाचून घ्यायचं होतं?"

खरं आहे. मलाच त्याचा तोरा होता. परदेशातलं पत्र आलं की मी चहा ठेवायची सगळ्यांना.

आणि मी पोरीला केर काढ म्हणत होते. दवाखान्यानं तिला पडून राहायला सांगितलंय. तिला वाटतं एक पाऊल चुकीचं पडलं की हेही जाईल. मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि चेपत बसले. आज तिनं पाय काढून घेतले नाहीत.

टुरिस्टपणा बंद. बघायचं ते बघून झालं.

१२ एप्रिल

दहा तारीख गेली. बाळाला घाई नाही. वाल्मीकराव म्हणतात, थोडा उशीर होतोच, ठोके चांगले आहेत. मैना दर तासाला पोटाला हात लावून बघते, हललं की माझ्याकडे बघते. मी म्हणते, हललं ना? ती मान हलवते. मग आम्ही दोघी पुढच्या तासाची वाट बघतो.

मी बाळाला सांगितलं, बाबा, तुझ्या सोयीनं ये. आजी काय करायचं ते करील.

चार दिवस.

१४ एप्रिल, रविवार

आज जयंती. घरून आणलेला बाबासाहेबांचा फोटो टेबलावर ठेवला, बुद्धांची मूर्ती वाल्मीकरावांची होती. मेणबत्ती लावली. नाशिकला आत्ता मिरवणूक असेल, माझा मुलगा भिमाजी ढोलावाल्यांच्या पुढं नाचत असेल, दोन पोरांचा बाप झाला तरी. इथं आम्ही तिघं आणि आयरीनबाई. तिनं विचारलं हे कोण. मैनानं बराच वेळ सांगितलं. आयरीनबाईनं ऐकून घेतलं आणि तिच्या आजीची आजी गुलाम होती, उसाच्या मळ्यात, ते सांगितलं. मग दोघींनी नमस्कार केला, तिनं तिच्या पद्धतीनं.

मग मी सांगून टाकलं. "उद्या मी हापिसात जाते. दिवस वाढवून मागते."

वाल्मीकराव म्हणाले, "आई, काय सांगणार तिथं?"

"खरं ते."

"म्हणजे आधी खोटं सांगितलं, हे कबूल करणार? परवाच परत पाठवतील. पुन्हा कधी येऊ देणार नाहीत. टुरिस्ट म्हणूनच मागा, आणखी बेट बघायचंय म्हणा."

"बेट बघून झालं ना. पुन्हा कसं मागू? आणि पाठवलं तर पाठवलं. असंही परवा जावंच लागणार हाय. मागितल्यानं त्याहून वाईट काय होईल?"

ते डोकं खाजवायला लागले. हुशार माणूस, पण कधी बाजारात बसला नाही.

"भाषा?" ते म्हणाले.

"आयरीनबाई हाय. आणि मला येतं की. नो चीटिंग."

तेव्हा खाटेवरून मैना म्हणाली, "मी जाते आईबरोबर."

वाल्मीकराव नको म्हणाले. मी पण नको म्हटलं. ती म्हणाली, "एक महिना मी भीत भीत पडून आहे. गाडीत बसायचंय, डोंगर नाही चढायचा." आणि उठून केस विंचरायला लागली.

१५ एप्रिल

जमलं. पण सगळं लिहिते.

हापिसात मोठ्या खुर्चीत एक बाई, चष्म्याला साखळी, तोंडावर हसू नावाला नाही. मैना तिच्यासमोर बसली तर टेबल आणि खुर्ची यांच्यामधी पोट मावेना, खुर्ची मागं ओढावी लागली. बाईनं ते बघितलं.

मैनानं इंग्रजीत सुरू केलं. मला 'आयलंड' ऐकू आलं, 'ब्यूटिफुल' ऐकू आलं. मी तिच्या कोपराला धरलं. "मैना, खरं सांग."

"आई, थांब ना जरा."

"थांबत नाय. मी बोलते, तू फक्त तिच्या भाषेत सांग."

बाईनं पासपोर्ट उघडला, शिक्का बघितला. विचारलं, तुम्ही टुरिस्ट म्हणून आलात, महिन्याभरात काय बघितलं? मी बोटांवर मोजत सांगितलं. किल्ला बघितला, तोफेवर बसले. काचेची होडी बघितली. समुद्राच्या मधी उभी राहिले. अळू खेकडा घालून खाल्लं. शेळ्यांची शर्यत बघितली, तुमच्या बोकडांना शर्यतीच्या आदल्या दिवशी पाला कमी द्या. मैना सांगत गेली. बाईनं एकदाही मान वर केली नाही. मग म्हणाली, इतकं सगळं बघून झालं, मग आता बघायचं राहिलंय काय?

मी म्हटलं, "नातवंडाचं तोंड बघायचं राहिलंय."

मैना ते सांगायला गेली आणि निम्म्यात थांबली. रुमाल शोधायला लागली. बाई तिच्याकडे बघते, माझ्याकडे बघते. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून उभी असलेली आयरीनबाई पुढं आली, जत्रेला जावं तशी फुलांची टोपी घालून, आणि टेबलावर तळवा ठेवून काहीतरी बोलली. ती साहेबीण चक्क उभी राहिली! "येस, मिस आयरीन," म्हणाली, शाळेतल्या पोरीसारखी.

मैनानं मला नंतर सांगितलं. आयरीनबाई चाळीस वर्षं इथली सुईण होती. ही साहेबीण जन्मली तेव्हा पहिल्यांदा आयरीनबाईच्या हातात आली, आणि पायाळू होती. आणि मैनाचं गेल्या वर्षीचं काय झालं, तेही आयरीनबाईनंच सांगितलं.

बघा, महिनाभर माझ्याबरोबर हिंडली आणि सुईण आहे हे मला बोलली नाही. मी तिला शेळीच्या बाळंतपणाचं ज्ञान देत होते!

बाईनं विचारलं, आधीच खरं कारण का नाही सांगितलं? मी म्हटलं, चुकलं. तिनं शिक्का घेतला. चौदा दिवस. तीस एप्रिलपर्यंत. "नॉट वन डे मोर," म्हणाली. एक दिवसही जास्त नाही.

चौदा म्हणजे चौदा. मी उठून "जय भीम" केला. तिनं हात पुढं केला.

२० एप्रिल, शनिवार

मुलगी!

सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आत येऊ देईनात, मी आणि आयरीनबाई बाकड्यावर. तिनं तिच्या देवाचं म्हणायला सुरुवात केली, मी बुद्धाचं त्रिशरण म्हटलं, मधेच दोघी दाराकडे कान लावायचो. आत काय चाललंय त्याचा आवाज येत नव्हता, त्याची मला जास्त भीती. आमच्याकडे बाळंतीण ओरडते तेव्हा कळतं तरी. मी आयरीनबाईचा दंड धरला होता, नंतर बघितलं तर तिथं माझ्या नखांच्या खुणा होत्या.

दुपारी पावणेतीनला वाल्मीकराव बाहेर आले. रडत होते. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "आई, ओरडते आहे. ऐका." दार उघडं ठेवलं त्यांनी. ओरडत होती, भाजीवालीसारखी.

बघितलं. कपाळ जयरामचं आहे, बाकी अजून कोणाचं नाही.

२३ एप्रिल

काल घरी आणलं. काम, काम. मैनाला तेल लावणं, शेक, डिंकाचा लाडू, बाळाला पायावर घेऊन अंघोळ, टाळूला तेल. धुरीला वाल्मीकराव नाही म्हणाले, बाळाच्या छातीला वाईट म्हणे. नाही तर नाही.

मैनाचं पोट बांधायला मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडत होते. दारातून आयरीनबाई आली. तिच्या हातात पण पट्टी, पांढऱ्या चादरीची, गुंडाळून तयार! इथंही बाळंतिणीचं पोट बांधतात. आम्ही एकमेकींच्या पट्ट्या बघितल्या. तिची रुंद, माझी मऊ. मैना म्हणाली, "भांडू नका, दोन्ही बांधा." आधी माझी, वर तिची.

२६ एप्रिल

आज मोजलं. तीसला मी जाणार तो अकरावा दिवस. सव्वा महिन्याच्या चाळीसातले राहिले एकोणतीस. दहा दिवसांची बाळंतीण आणि दहा दिवसांचं बाळ टाकून जायचं. वाल्मीकराव दवाखान्यात, मैना एकटी. मैना म्हणाली, "आई, जमेल मला." तिचा आवाज ऐकून कळलं की ती पुन्हा घाबरली आहे.

पुन्हा हापिसात जाऊ का असं मनात आलं. पण त्या बाईनं एक दिवसही जास्त नाही म्हटलंय आणि मी हो म्हटलंय.

मग काय ते ठरवलं. आयरीनबाईला बोलावलं. मैनाकडून सांगवलं, "माझे एकोणतीस दिवस तुम्ही करा."

तिनं कमरेवर हात ठेवले. "लंका, मी चारशे बाळं काढलीत."

"ती तुमच्या पद्धतीनं. हे माझ्या पद्धतीनं करायचं."

"टबात घालून अंघोळ घातली तर काय बिघडतं?"

"टबात पोर एकटं असतं. पायावर असलं की त्याला माणूस लागतं."

मैनानं हे सांगितलं. आयरीनबाईनं चपला काढल्या आणि म्हणाली, दाखव.

बारसं बाराव्या दिवशी, तेव्हा मी विमानात असेन. मैना म्हणाली आधी करू, मी नको म्हटलं. नाव पत्रात लिही म्हटलं. ओट्यावर नाही, घरात बसून वाचीन, आणि मग सांगायचं त्यांना सांगीन.

२९ एप्रिल

उद्या सकाळी निघायचं. पेटी भरली.

आज अंघोळ आयरीनबाईनं घातली. तीन दिवस मी घालत होते आणि ती बघत होती, आज मी बघायचं होतं. पाटावर बसायला तिचे गुडघे कुरकुरले, पाय लांब असल्यामुळं न्हाणीच्या दारापर्यंत गेले. मी बाळ तिच्या पायांवर पालथं दिलं. एवढ्या लांब पायांवर ते एवढंसं, घसरेल असं वाटलं. तिनं पाणी कोपरानं बघितलं. मी मनगटानं बघते. तिनं पहिला तांब्या ओतला तो जरा वरून ओतला आणि बाळानं हंबरडा फोडला.

माझे हात आपोआप पुढं गेले.

"लंका," ती म्हणाली. वर न बघता.

मैना खाटेवरून बघत होती, बाळाकडे नाही, माझ्याकडे. मी खाली बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. बाळ रडत होतं, लाल झालं होतं. सांगायचं तोंडावर आलं होतं की पाठीवर हात ठेवा आधी, हातावरून पाणी जाऊ द्या. सांगितलं नाही. आयरीनबाई थांबली. मग तिनं तिचा तो मोठा तळवा बाळाच्या पाठीवर ठेवला, पाठ सगळी झाकून गेली, आणि त्या तळव्यावरून हळूहळू पाणी सोडलं. रडणं कमी झालं. मग थांबलं. तोंड एका बाजूला करून बाळ तिच्या नडगीवर गाल टेकून पडलं.

तिनं दुसरा तांब्या भरला. मी हात काढले नाहीत.